व्हिएतनामची रयत

हो चि मिन्ह शहरातून, म्हणजे जुन्या सैगॉनमधून, बसने दीड-दोन तासांवर कु ची लागतं. तिथली युद्धकाळातली भुयारं बघायला जगभरातून लोक येतात. गेल्या वर्षी आमचा मराठी ग्रुपही गेला होता. आधी वाकून, मग गुडघ्यांवर रांगत भुयारातून बाहेर आलं की शेवटी बाकांवर बसवून सगळ्यांना उकडलेल्या कंदाचे तुकडे देतात, बुडवून खायला मीठ-साखर घातलेलं दाण्याचं कूट. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा. भुयारात राहणारी माणसं तांदूळ मिळाला नाही की यावरच दिवस काढायची. पिठूळ, फिकट चवीचा तो तुकडा तोंडात असतानाच ग्रुपमधल्या एका काकांनी गाइड मुलीला ती गोष्ट सांगायला घेतली.

गोष्ट तुम्हालाही माहीत असेल, शिवजयंतीच्या सुमारास ती फोनवर येतेच. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या नेत्याला पत्रकारांनी विचारलं, एवढ्या बलाढ्य देशाला तुम्ही नमवलंत कसं? तो म्हणाला, आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं. पुढे त्यांचा एक मंत्री भारतात आला आणि महाराजांच्या समाधीपाशी जाऊन मूठभर माती घेऊन गेला. सांगताना काकांचा आवाज भरून आला होता. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, आम्हाला शाळेत क्वांग त्रुंग शिकवतात. १७८९ साली ऐन तेतच्या सणात, म्हणजे आमच्या नववर्षात, त्याने चीनच्या चिंग फौजेवर अचानक झडप घालून तिला पळवून लावलं. त्याआधी तेराव्या शतकात मंगोलांना आम्ही तीनदा परतवलं. पंधराव्या शतकात मिंग सम्राटाच्या सैन्याशी दहा वर्षं लढून देश सोडवला. तिच्या बोलण्यात वादाचा सूर नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तशी ती बोलत होती.

काकांच्या गोष्टीला कागदोपत्री आधार नाही. राजस्थानात हीच गोष्ट महाराणा प्रतापांच्या नावाने सांगतात. पण खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी त्या गोष्टीचा एक दोष मला जास्त टोचतो. व्हिएतनाम जिंकलं ते काव्यामुळे, युक्तीमुळे, असं ती आपल्याला शिकवते. भुयारं, बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांचे सापळे, रात्रीचे छापे, दाट जंगल, एवढं जमलं की महासत्ता हरते. कु चीतही पर्यटकांना हेच दाखवतात. पण छापे आणि जंगल मलायातल्या कम्युनिस्टांकडेही होतं, फिलिपिन्समधल्या हुकबलाहाप बंडखोरांकडेही होतं. दोन्हीकडे गनिमांचा पराभव झाला. तेव्हा कावा हे उत्तर असूच शकत नाही. माझं म्हणणं सरळ सांगतो. अमेरिकेच्या फौजा १९६५ साली व्हिएतनाममध्ये उतरल्या, त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५६ साली, हे युद्ध खेड्यात हरलेलं होतं. पुढे जे झालं ते त्या हरलेल्या डावावर माणसांचे जीव लावत राहणं होतं.

१९५४ च्या मे महिन्यात दिएन बिएन फू इथे फ्रेंचांचा पराभव झाला. जुलैत जिनिव्हा करार झाला. सतराव्या अक्षांशावर देशाची तात्पुरती फाळणी करायची आणि दोन वर्षांनी, जुलै १९५६ मध्ये, सगळ्या देशात निवडणूक घ्यायची असं ठरलं. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. ती निवडणूक झालीच नाही. अमेरिकेच्या पाठिंब्यावर दक्षिणेत सत्तेवर आलेल्या न्गो दिन्ह झिएम यांनी ती नाकारली. लढाईच्या काळातच मतदान झालं असतं तर सुमारे ८० टक्के लोकांनी उत्तरेचे कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह यांना मत दिलं असतं, हे पुढे खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीच लिहून ठेवलं.

निवडणूक नाकारली हे बहुतेक सगळे लिहितात. त्याच वर्षी झिएम यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्या युद्धाचं बीज त्या दोन गोष्टींत आहे.

पहिली गावकारभाराची. राजाचा कायदा गावाच्या बांबूच्या कुंपणापाशी थांबतो अशा अर्थाची एक जुनी म्हण व्हिएतनामीत आहे. गावाचे पंच, गावाचा जमाखर्च, गावाचं देऊळ, यात वरून कोणी हात घालत नसे. फ्रेंचांच्या काळात त्यात बरीच ढवळाढवळ झाली, पण पंच गावातले असावेत ही रीत टिकून होती. जून १९५६ मध्ये झिएम यांनी गावपंचांच्या निवडणुकाच बंद केल्या आणि वरून नेमणुका सुरू केल्या. नेमलेला माणूस पुष्कळदा बाहेरगावचा असे. गावाशी नातं नाही, आणि हाती कर गोळा करायचा अन् कोणालाही कम्युनिस्ट म्हणून पकडून द्यायचा अधिकार.

दुसरी गोष्ट जमिनीची. फ्रेंचांविरुद्ध लढत असताना हो चि मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह संघटनेने आपल्या ताब्यातल्या टापूंत पळून गेलेल्या जमीनदारांची शेतं कुळांना वाटून दिली होती. दक्षिणेतल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातली कुळं कित्येक वर्षं खंड न देता कसत होती. करार झाला, शांतता आली आणि झिएमच्या राज्यात जमीनदार परतले. सोबत शिपाई आणि खंडाची पावती. खंडावर मर्यादा घातली आहे असं सरकार सांगत होतं, पण ज्याला काहीच द्यावं लागत नव्हतं त्याला पिकाचा चौथा हिस्सा द्यायला लावणं ही सुधारणा कशी वाटावी? ऑक्टोबर १९५६ मध्ये जमीनधारणेची कमाल मर्यादा आली ती १०० हेक्टरची. म्हणजे सुमारे २५० एकर भाताची पाणथळ जमीन जमीनदाराने ठेवून घ्यायची. कुळांच्या पदरात पडलं ते नाममात्र.

इथे थोडं आपल्याकडे बघा. जवळपास त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ ला, मुंबई राज्यात कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. कायद्याला पळवाटा होत्या, अनेक कुळांची नावं आधीच सातबाऱ्यावरून उडवली गेली होती, हे सगळं खरं आहे. तरी राज्यसत्ता कोणाच्या बाजूने उभी आहे हे कोकणातल्या साध्या कुळालाही त्या दिवशी कळलं. मेकाँगच्या कुळालाही आपलं सरकार कोणाच्या बाजूने आहे हे तितकंच स्पष्ट कळलं होतं.

अमेरिकेला यातलं काही ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान त्यांच्या ताब्यात असताना त्यांनीच तिथे जमीनदारी मोडून काढली. जपानात जमीनदाराला कुळाकडची जमीन ठेवता आली ती साधारण एक हेक्टर. त्या कामातले मोठे तज्ज्ञ वुल्फ लाडेजिन्स्की हे पन्नाशीच्या दशकात सैगॉनमध्ये झिएम यांचेच सल्लागार होते. माणूस होता, अनुभव होता, पैसा होता. पण वॉशिंग्टनला हवा होता कम्युनिस्टांविरुद्ध खंबीर उभा राहणारा राज्यकर्ता आणि त्या राज्यकर्त्याचा आधार होता जमीनदार.

मग मे १९५९ मध्ये फिरत्या लष्करी न्यायालयांचा कायदा आला. अपील नाही, शिक्षा मृत्यूची. उत्तरेकडून हनोईने सशस्त्र लढ्याला परवानगी दिली तीही त्याच वर्षी, आणि दक्षिणेतले कार्यकर्ते ती कधीपासून मागत होते. जानेवारी १९६० मध्ये मेकाँगच्या मुखाजवळच्या बेन त्रे प्रांतात उठाव झाला. न्गुएन थी दिन्ह ही बाई त्याच्या पुढाऱ्यांत होती. लोकांकडे शस्त्रं जवळजवळ नव्हतीच. लाकडाच्या खोट्या बंदुका, ढोल, बांबूचे ठोकळे बडवून केलेला गजर. रातोरात गावोगावचे सरकारी अधिकारी पळाले आणि जमिनीची फेरवाटणी सुरू झाली. वर्ष संपता संपता, २० डिसेंबर १९६० ला, राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. तिला व्हिएत काँग हे नाव तिच्या शत्रूने दिलं. 'गनीम' म्हणजे शत्रू, आणि मराठ्यांना तो शब्दही असाच मोगलांनी लावला होता.

आता महासत्तेने काय केलं ते पाहू. मलायात ब्रिटिशांनी सुमारे पाच लाख लोकांना कुंपणाच्या आत नव्या वसाहतींत हलवून गनिमांची रसद तोडली होती. तिथले ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट थॉम्पसन सल्ला द्यायला सैगॉनमध्ये आले आणि १९६२ च्या सुरुवातीला दक्षिण व्हिएतनाममध्ये तटबंद वाड्यांची योजना सुरू झाली. मलायातले ते लोक मुख्यतः जंगलाच्या कडेला, स्वतःची नसलेल्या जमिनीवर राहणारे चिनी मजूर होते. नव्या वसाहतीत त्यांना प्रथमच स्वतःच्या नावाची जागा मिळाली. व्हिएतनामी शेतकऱ्याचं तसं नव्हतं. त्याचे बापजादे शेताच्या कडेलाच पुरलेले असतात. तिथे तो उदबत्ती लावतो. भाताच्या हिरव्या खाचरात पांढरी थडगी आजही बसच्या खिडकीतून दिसतात. त्या माणसाला घर सोड म्हणणं म्हणजे वाडवडलांना टाकून चल म्हणणं.

मार्च १९६२ मध्ये सैगॉनच्या उत्तरेला बेन कात भागात पहिली मोहीम झाली. २०५ कुटुंबांपैकी राजीखुशीने हलायला तयार झाली ती फक्त ७०. बाकीच्यांना सैनिकांनी हाकलत नेलं आणि मागे त्यांची घरं पेटवून दिली. नव्या जागी खंदक त्यांनीच खणायचा, काटेरी तारा त्यांनीच लावायच्या, मजुरी नाही. रात्री फाटक बंद. शेत मैलभर लांब राहिलं. तरी सरकारी कागदांवर वाड्यांची संख्या महिन्यागणिक फुगत गेली. सप्टेंबरअखेर ३,००० हून जास्त वाड्या उभ्या राहिल्याचं सरकारने जाहीर केलं. ही योजना भरधाव पुढे रेटणाऱ्या अधिकाऱ्यांत कर्नल फाम न्गोक थाओ होते. ते मुळात हनोईचे गुप्त हस्तक होते. शेतकऱ्यांना जितक्या घाईने आणि जितक्या जबरदस्तीने हलवाल तितके ते सरकारपासून तुटतील, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. नोव्हेंबर १९६३ मध्ये झिएम मारले गेले आणि योजना कोसळली. अनेक ठिकाणी लोकांनीच तारा कापल्या आणि ते आपापल्या थडग्यांपाशी परत गेले.

ऑगस्ट १९६४ मधली टोंकिनच्या आखातातली घटना, त्यातला अमेरिकी जहाजांवरचा कधी न झालेला दुसरा हल्ला, त्यावरून अमेरिकी सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी दिलेली युद्धाची मोकळीक, मार्च १९६५ मध्ये दानांगच्या किनाऱ्यावर उतरलेले मरीन, हे सगळं पुष्कळांना माहीत आहे. एप्रिल १९६९ पर्यंत तिथे ५,४३,००० अमेरिकी सैनिक होते. मला बोलायचं आहे ते त्यांच्या मोजमापाबद्दल.

या युद्धात सरहद्द पुढे सरकत नव्हती, शहरं जिंकली जात नव्हती. मग आपण जिंकतोय हे कळणार कसं? संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा फोर्ड मोटार कंपनीतून आलेले, आकड्यांवर विश्वास असलेले. सेनापती वेस्टमोरलंड यांचं धोरण असं की शत्रूची जितकी भरती होते त्याहून जास्त माणसं मारत राहायचं. म्हणून मुडदे मोजायचे. तुकडीतुकडीत चढाओढ लागायची, आकड्यावर बढती आणि रजा अवलंबून राहायची. डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात मेकाँगच्या खोऱ्यातल्या एका मोहिमेत सुमारे १०,९०० शत्रू मारल्याचा दावा झाला. हाती लागलेली शस्त्रं ७४८. उरलेले दहा हजार कोण होते? पुढे अमेरिकी लष्कराच्याच तपासणीत त्यातले ५,००० ते ७,००० साधे नागरिक असावेत असा अंदाज निघाला. माय लाय इथे १६ मार्च १९६८ ला जे घडलं त्याचा पहिला सरकारी अहवालही असाच होता: १२८ शत्रू ठार, तीन शस्त्रं जप्त. गावात मेलेले होते ५०४, त्यात बायका, मुलं, तान्ही बाळं. एका अमेरिकी हेलिकॉप्टर चालकाने, ह्यू थॉम्पसनने, मध्ये हेलिकॉप्टर उतरवून काही जणांना वाचवलं, हेही त्याच दिवशी घडलं. शिक्षा झाली ती एकाच अधिकाऱ्याला. जन्मठेप म्हणून सुरू झालेली ती शिक्षा काही वर्षांच्या नजरकैदेवर संपली.

जिवंत माणसांसाठी वेगळा हिशेब होता. १९६७ पासून बारा हजारांहून जास्त वाड्यांना, कोणती किती सरकारच्या ताब्यात आहे ते दाखवणाऱ्या, दर महिन्याला ए ते ई अशा श्रेणी दिल्या जात आणि त्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या जात. पूर्णपणे शत्रूकडे असलेल्या वाडीला व्ही. तक्ता भरायचा तिथल्या अमेरिकी सल्लागाराने. बहुधा वर्षभरासाठी आलेला, भाषेचा गंध नसलेला, दुभाष्यामार्फत बोलणारा. वाडीत दवाखाना आहे का, रात्री गस्त असते का, हे तो लिहू शकत होता. जमीन कोणाची, खंड कोणाला जातो, मागच्या पावसाळ्यात इथून कोणाच्या मुलाला उचलून नेलं, हे त्याला कोण सांगणार?

चिपळूण भागातल्या लष्कराच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे. मराठी माणसाने ते एकदा तरी संपूर्ण वाचावं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच संपवाल, मग घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरून दाणे, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी आणाल. असं केलंत तर जीव धरून राहिलेले कुणबीही गाव सोडून जातील आणि मोगल आले त्याहून तुम्ही वाईट असं त्यांना वाटेल. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. उंदराने वात नेऊ नये इथपर्यंत विचार गेलेला आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये दानांगजवळच्या काम ने गावात अमेरिकी मरीन खिशातला सिगरेट लायटर गवती छपराला लावून घरं पेटवताना अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले. सुमारे दीडशे घरं जळली. गावकरी हातापाया पडत होते.

हो चि मिन्ह यांनीही १९४८ साली आपल्या सैनिकांना अशीच ताकीद दिली होती. सहा गोष्टी करू नका, सहा करा. पिकाची नासाडी करू नका. लोक विकायला किंवा उसनं द्यायला तयार नसतील ते मागू नका. डोंगरातल्या लोकांच्या घरात जिवंत कोंबडी नेऊ नका, कारण त्यांच्यात ते अशुभ मानतात. लोकांबरोबर खा, लोकांबरोबर राहा, लोकांबरोबर काम करा, हा कार्यकर्त्यांचा पाठ होता. शिवचरित्र आणि व्हिएतनाम यांच्यात खरं साम्य शोधायचंच असेल तर मला ते इथे दिसतं. कोणी कोणाचं वाचलं म्हणून ते आलेलं नाही. रयतेत राहून लढणाऱ्याला ते सुचावंच लागतं.

म्हणून कम्युनिस्टांची बाजू स्वच्छ होती असं मी म्हणणार नाही. उत्तरेत १९५३ ते १९५६ च्या जमीनसुधारणेत हजारो लोकांना जमीनदार ठरवून मारलं गेलं, त्यात लहान शेतकरीही होते. पक्षाला चूक कबूल करावी लागली. दक्षिणेत गावप्रमुखांचे, शिक्षकांचे खून पडत होते. १९६८ च्या तेत हल्ल्यात ह्वे शहर जवळजवळ चार आठवडे ताब्यात असताना त्यांनी जे केलं त्याची प्रेतं नंतर सामूहिक खड्ड्यांतून निघाली, सुमारे २,८००. तो हल्ला लष्करीदृष्ट्या दक्षिणेतल्या गनिमांना फार महागात पडला. त्यानंतर लढाईचा भार मुख्यतः उत्तरेच्या नियमित फौजेवर गेला, आणि ३० एप्रिल १९७५ ला सैगॉनच्या राजवाड्याचं फाटक तोडलं ते रणगाड्याने. तिथे गनिमी कावा नव्हता.

मग विचारतात, शेवटी रणगाड्यानेच जिंकलं तर खेड्याचं काय घेऊन बसलात? अमेरिकेने हात आखडता घेतला नसता तर निकाल वेगळा लागला असता, असंही तिथले अनेक जण आजही मानतात. मला हे पटत नाही. इंडोचीनवर अमेरिकेने ७० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, दुसऱ्या महायुद्धात टाकले त्याच्या दुपटीहून जास्त. त्यातले अर्ध्याहून अधिक पडले दक्षिण व्हिएतनामवर, म्हणजे ज्याला वाचवायला ते गेले होते त्याच देशावर. जंगल आणि पिकं जाळण्यासाठी सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशक फवारलं, त्यातल्या डायॉक्सिन या विषाची झळ पुढच्या पिढ्यांना लागली. हात कुठे आखडला होता? रणगाडा आला तेव्हा दक्षिणेकडे दहा लाखांची फौज कागदावर होती. अवघ्या ५५ दिवसांत ती विरघळली. ज्या सरकारसाठी मरावं असं सैनिकाच्या घरच्यांना कधी वाटलंच नव्हतं, त्या सरकारसाठी तो किती लढणार?

फिलिपिन्समध्ये हुक बंडखोर हरले त्याचं कारण मला याच्या उलट बाजूला सापडतं. १९५० मध्ये संरक्षणमंत्री झालेले रामोन मॅगसेसे यांनी सैन्याची मोकाट वागणूक आवरली. कोणीही दहा सेंटाव्होंत आपल्याला तक्रारीची तार करावी अशी सोय केली. शरण आलेल्यांना मिंडानाओ बेटावर जमीन दिली. कुटुंबं थोडीच होती, पण बंडखोरांचं मुख्य मागणं सरकारच्या तोंडून आलं. त्याच मॅगसेसे यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ साली, पहिल्याच वर्षी, गागोद्याच्या विनोबांना मिळाला. विनोबांची भूदान यात्रा सुरू झाली होती ती तेलंगणात, पोचमपल्लीत, एप्रिल १९५१ मध्ये, जिथे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा पेटलेला होता. तिथल्या भूमिहीनांनी ८० एकर मागितले आणि एका जमीनदाराने १०० दिले. भूदानातली पुष्कळ जमीन पुढे खडकाळ निघाली किंवा कागदावरच राहिली. तरी बंदुकीच्या भागात पायी शिरून पहिला प्रश्न जमिनीचा विचारणारा माणूस मला वेस्टमोरलंडपेक्षा युद्ध जास्त समजलेला वाटतो.

आणि अमेरिकेला उशिरा का होईना, हे समजलंच. मार्च १९७० मध्ये सैगॉन सरकारने अमेरिकेच्या मदतीने 'कसेल त्याची जमीन' हा कायदा केला. सुमारे दहा लाख हेक्टर जमीन कुळांच्या नावे झाली. तो कायदा खरोखर चांगला होता, मेकाँगमध्ये त्याने फरकही पडला. पण १९५६ नंतर १४ वर्षं गेली होती, अर्ध्या खोऱ्यात लोकांनी जमीन आधीच आपल्या हाताने वाटून घेतली होती आणि सरकार त्यांना त्यांच्याच शेताचे कागद देत होतं. मॅकनामारा यांनी १९९५ साली आपण चुकलो, भयंकर चुकलो, अशी कबुली दिली. तोवर ५८,००० हून जास्त अमेरिकी आणि व्हिएतनाम सरकारच्या आकड्यांनुसार सुमारे ३० लाख व्हिएतनामी, त्यातले २० लाख नागरिक, मेलेले होते.

जिंकलेल्यांनीही मग रयतेला विचारलं नाही. सैनिक आणि अधिकारी यांना पुनर्शिक्षणाच्या छावण्यांत डांबलं. लाखो लोक होड्यांतून समुद्रात निघाले. दक्षिणेतल्या शेतकऱ्याची जमीन, बैल, अवजारं सामूहिक शेतीत घ्यायला सुरुवात झाली. मेकाँगच्या शेतकऱ्याने बंड केलं नाही, त्याने फक्त पोटापुरतं पिकवायला सुरुवात केली. जगातल्या सर्वांत सुपीक खोऱ्यांपैकी एक असलेला देश तांदूळ आयात करू लागला.

कु चीहून परतताना बसच्या खिडकीतून खाचरं मागे जात होती आणि मी मनात एका शेताचा सातबारा लिहीत होतो. फेरफार पहिला, १९५० च्या आसपास: जमीनदार फरार, कुळाला वाटप, व्हिएत मिन्ह. दुसरा, १९५६: जमीनदार परत, खंड सुरू. तिसरा, १९६०: खंड बंद, फेरवाटप, मुक्ती आघाडी. चौथा, १९६७: टापू निर्मनुष्य जाहीर, पीक नाही. पाचवा, १९७०: कसेल त्याची जमीन, कुळाच्या नावे, सैगॉन सरकारचा शिक्का. सहावा, १९७८: सामूहिक शेतीत जमा. सातवा, १९८८: पक्षाच्या दहाव्या ठरावानुसार कुटुंबाला कसायला परत. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, व्हिएतनाम जगातला तिसऱ्या क्रमांकाचा तांदूळ निर्यातदार झाला. मालकाच्या रकान्यात मात्र त्या कुटुंबाचं नाव आजही येत नाही. कायद्याने जमीन साऱ्या जनतेची, सांभाळणार सरकार, आणि शेतकऱ्याकडे फक्त वहिवाटीचा हक्क.